हिरड्याला मालक आहे, वकील नाही

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि सह्याद्रीची भिंत ओलांडून जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात शिरले. घरांची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. हे सर्वत्र झाले तसे येथेही झाले. पण या डोंगरपट्ट्याचे खरे नुकसान घरांपेक्षा रानात झाले. पिढ्यान्‌पिढ्या उभी असलेली हिरड्याची झाडे मुळासकट उन्मळून पडली, जी तग धरून राहिली त्यांच्या फांद्या पिळवटून गेल्या. हिरडा काही भाताच्या रोपासारखा पुढच्या पावसात पुन्हा लावता येत नाही. आज लावलेले रोप भरघोस फळ देऊ लागेपर्यंत लावणाऱ्याचे केस पांढरे होतात. त्यामुळे त्या एका दुपारी अनेक कुटुंबांचे केवळ एका हंगामाचे उत्पन्न बुडाले नाही, तर मुलाबाळांसाठी आजोबा-पणजोबांनी राखलेली ठेव बुडाली.

पंचनामे झाले, कागद वर गेले आणि तेथे एक प्रश्न उभा राहिला. ऐकणाऱ्याला तो हास्यास्पद वाटावा, भोगणाऱ्याला मात्र जीवघेणा. हिरडा म्हणजे नेमके काय? भात-नाचणीसारखे ते पीक नाही. आंबा-काजूसारखी ती रीतसर लावलेली फळबाग नाही. मग नुकसानभरपाईच्या तक्त्यातील कोणत्या रकान्यात त्याला बसवायचे? या रकान्याच्या शोधात मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली, शासनदरबारी खेटे घातले गेले आणि मदतीचा निर्णय वर्षानुवर्षे लांबला.

यातील विसंगती मुद्दाम पाहण्यासारखी आहे. महाराष्ट्रात १९६४ पासून झाडे तोडण्याचे विनियमन करणारा कायदा अस्तित्वात आहे. मालकी जमिनीतील काही मौल्यवान झाडे परवानगीशिवाय तोडता येऊ नयेत, हा त्याचा हेतू. त्या कायद्याच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, मोह यांच्या पंक्तीला हिरड्याचे नाव सन्मानाने बसलेले आहे. म्हणजे स्वतःच्या शेताच्या बांधावरचा हिरडा तोडायचा झाला, तर महादेव कोळी शेतकऱ्याला शासनाची परवानगी घ्यावी लागते. त्या वेळी शासनाला हिरडा पुरता ठाऊक असतो. तेच झाड वादळाने पाडले की मात्र शासनाची त्याच्याशी ओळख राहत नाही! मालकावर बंधन घालताना जे झाड मौल्यवान, तेच मालकाला भरपाई देताना बेवारस, हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो?

हा सारा सरकारी अनास्थेचा मामला आहे असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण एखादा कारकून निर्दय होता म्हणून हिरडा उपेक्षित राहिला नाही. निसर्गसंपत्तीवर उपजीविका चालवणाऱ्या या व्यवसायाच्या बाजूने कायद्याची भाषा बोलणारे कोणी उभे नव्हते, हे त्याचे खरे कारण आहे. ज्या व्यवसायाला वकील असतो, त्याच्यासाठी रकाना तयार होतो. ज्याला नसतो, त्याला दुसऱ्यांसाठी आखलेल्या रकान्यांतून फिरावे लागते.

जुन्नर आणि आंबेगाव ही नावे घेतली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर शिवनेरी, भीमाशंकर, द्राक्षमळे आणि टोमॅटोचा बाजार येतो. हे चित्र खोटे नाही, पण ते पूर्वेकडचे आणि पर्यटकाचे आहे. नाणेघाटाच्या बाजूला किंवा डिंभे धरणाच्या मागे आहुप्याच्या दिशेने गेले की चित्र पालटते. तेथे भाताची खाचरे आहेत, पावसाळ्यात कोसळणारे पाणी आहे आणि उन्हाळ्यात हंड्याभर पाण्यासाठी वणवण आहे. भात वर्षाचे पोट भरतो, तेही पुरते भरतोच असे नाही. हाती रोख पैसा येतो तो मुख्यतः हिरड्याचा. फाल्गुन सरला की घराघरातील माणसे झाडाखाली दिसू लागतात. कोय कठीण होण्यापूर्वीचे कोवळे फळ, म्हणजे बाळहिरडा, गोळा करायचे, अंगणात आणि कातळावर वाळवायचे, पोती भरायची आणि आठवडे बाजारात नाहीतर दारात आलेल्या व्यापाऱ्याला घालायची. लग्नाचा खर्च, मुलांच्या शाळेचे शुल्क, दवाखान्याचे बिल, पावसाळ्यापूर्वीचे किराणा सामान, हे सारे या सुकलेल्या काळ्या फळांतून निघते.

हिरडा, बेहडा आणि आवळा मिळून त्रिफळा होतो, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही सांगावे लागत नाही. आयुर्वेदात हिरड्याचे स्थान काय आहे, यावर स्वतंत्र ग्रंथ होईल. पण इंग्रजांना त्याच्या औषधी गुणांत रस नव्हता. त्यांना हवा होता तो कातडी कमावण्यासाठी आणि रंगकामासाठी लागणारा कषाय. एकोणिसाव्या शतकात सह्याद्रीतला हिरडा मुंबई बंदरातून जहाजाने विलायतेला जाऊ लागला आणि १८७८ च्या वन कायद्याने राखीव झालेल्या जंगलांतील हिरडा हा सरकारी महसुलाचा विषय झाला. ज्यांच्या वाडवडिलांनी ही राने सांभाळली, तेच आपल्या रानात मजूर ठरले. त्याच सुमारास आंबेगावच्या जांभोरीचा होन्या केंगले सावकारशाहीविरुद्ध उठला आणि १८७६ मध्ये पकडला गेला. इतिहासाच्या पुस्तकांत त्याची नोंद बहुधा ‘दरोडेखोर’ म्हणून होते. त्याच्या मागे उभ्या असलेल्या गावांनी तसे मानले नव्हते. जमीन गहाण, रान सरकारजमा आणि कागद वाचता येणारा एकटा सावकार, अशा अवस्थेत ज्यांच्या बाजूने कायदा नव्हता त्यांनी कोयता उचलला, एवढाच त्याचा अर्थ.

स्वातंत्र्यानंतर कागद बदलले. १९७२ मध्ये राज्यात आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले, १९७६ च्या कायद्याने वनवासी बांधवांचा शेतमाल आणि वनोपज एकाधिकाराने खरेदी करण्याची व्यवस्था आणली. हेतू उत्तम होता: व्यापाऱ्याच्या काट्यापासून सुटका. प्रत्यक्षात हंगाम सुरू होताना खरेदी केंद्र उघडले नाही, उघडले तर पैसे वेळेवर मिळाले नाहीत, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक वनोपजाबाबत कोठे ना कोठे ऐकू येते. ज्याला आज संध्याकाळी मीठमिरची घ्यायची आहे, तो महिनाभराने येणाऱ्या सरकारी धनादेशाची वाट पाहू शकत नाही. तो व्यापाऱ्याकडेच जातो, आणि त्यात त्याला दोष देता येणार नाही.

खरा पालट झाला तो १९९६ मध्ये. त्या वर्षीच्या डिसेंबरात संसदेने अनुसूचित क्षेत्रांसाठी पंचायत विस्तार कायदा, म्हणजे ‘पेसा’, केला. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिमेकडील गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात, त्यामुळे तो त्यांना लागू होतो. गौण वनोपजाची मालकी ग्रामसभा आणि पंचायतीकडे असावी, असे हा कायदा स्पष्ट शब्दांत सांगतो. पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, महाराष्ट्राने या मालकीच्या हस्तांतरणाचा स्वतंत्र कायदा केला. २००६ च्या वनहक्क कायद्याने तीच गोष्ट अधिक ठामपणे मांडली: गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा मालकीहक्क. २०१२ मध्ये नियम सुधारले गेले. वनोपजावर कोणतेही स्वामित्वधन वा शुल्क घेता येणार नाही, स्थानिक पातळीवरची प्रक्रिया आणि वाहतूक हा विक्रीच्या हक्काचाच भाग आहे, आणि वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या समितीने वा ग्रामसभेने नेमलेल्या व्यक्तीने द्यायचा आहे, हे त्यात आले. वनहक्क कायद्याच्या व्याख्येत अभयारण्याची जमीनही ‘वनजमीन’ म्हणून धरलेली आहे. त्यामुळे १९८५ मध्ये घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्यातील गावांचा हक्कही केवळ अभयारण्याच्या नावाखाली पुसता येत नाही.

शे-सव्वाशे वर्षांपूर्वी काढून घेतलेले रान संसदेने कायदा करून परत दिले, ही लहान गोष्ट नाही. पंचांमुखी परमेश्वर मानणाऱ्या या समाजात ग्रामसभेला मालक ठरवणे हे परके तत्त्वही नाही. आपल्या मातीतील जुनी व्यवस्था कायद्याच्या पुस्तकात आली, असे म्हणता येईल. आहुप्याची देवराई कोणत्याही वनाधिकाऱ्याच्या आदेशाने राखली गेलेली नाही.

पण मालकी मिळाली म्हणजे व्यापार करता येतोच असे नाही, आणि गाडे अडते ते नेमके येथेच.

एक पोते बाळहिरडा घेऊन निघालेल्या माणसाच्या मागे मागे जाऊन पाहावे. त्यातला काही हिरडा त्याच्या सातबाऱ्यावरच्या जमिनीतला आहे. ती जमीन डोंगरउताराची असल्याने अनेकदा पोटखराबा म्हणून नोंदलेली असते आणि पीकपाण्याच्या नमुन्यात झाडांचा उल्लेख असेलच याची खात्री नाही. काही हिरडा राखीव वनातला आहे, काही अभयारण्याच्या हद्दीतला. पोत्यात गेल्यावर हिरडा सारखाच, परंतु कायद्याच्या दृष्टीने त्या एकाच पोत्यात तीन निरनिराळ्या मालकीचा, तीन निरनिराळ्या कायद्यांच्या कक्षेतला माल भरलेला आहे. तपासणी नाक्यावर अडवले तर कोणता कागद दाखवायचा? १९२७ च्या वन कायद्याने वाहतुकीच्या परवान्याचा अधिकार राज्याला दिला आहे. २०१२ च्या नियमांनी वनोपजापुरता तो ग्रामसभेकडे वळवला आहे. नाक्यावरच्या वनरक्षकाच्या हाती यांपैकी पहिल्याचे पुस्तक असते, दुसऱ्याचे नसते. अशा वेळी गावकरी वाद घालत बसत नाही. तो पोते दारातच व्यापाऱ्याला देतो आणि अडचण व्यापाऱ्याच्या गळ्यात घालतो. त्या अडचणीची किंमत व्यापारी भावातून कापून घेतो. संसदेने दिलेली मालकी अशा रीतीने किलोमागे काही रुपयांना दारातच विकली जाते.

आता याच पुणे जिल्ह्यात दगडखाणीचा धंदा करणाऱ्याकडे पाहावे. त्यालाही कायदे थोडे नाहीत. २०१३ चे गौण खनिज नियम आहेत, खाणपट्टा आहे, स्वामित्वधन आहे, वाहतुकीचा पास आहे. सर्वोच्च न्यायालयाने दीपककुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दिलेल्या आदेशानंतर पाच हेक्टरांहून लहान खाणीलाही पर्यावरण मंजुरीची अट लागू झाली. तरीही खाणमालक अडत नाही, कारण अर्ज लिहिणारा सल्लागार, सुनावणीला उभा राहणारा वकील आणि हिशेब ठेवणारा सनदी लेखापाल त्याच्या दिमतीला असतो. खाणधंद्याला कायदेशीर साहाय्य मिळते म्हणून तक्रार करण्याचे कारण नाही. रस्ते, घरे, धरणे दगडाशिवाय होत नाहीत आणि नियमाने चालणारी खाण ही चोरट्या उत्खननापेक्षा केव्हाही बरी. किंबहुना खाण पर्यावरणाची मर्यादा पाळून चालावी असे वाटत असेल, तर तिला चांगला कायदेशीर सल्ला मिळणे आवश्यकच आहे. तक्रार आहे ती दोन पारड्यांतील अंतराविषयी. डोंगर फोडणाऱ्याला वकील मिळतो आणि डोंगर राखणाऱ्याला मिळत नाही.

हे अंतर केवळ हिरड्याच्या भावापुरते नाही. अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा परवाना वा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची अथवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस अनिवार्य आहे, असेही ‘पेसा’च सांगतो. उद्या एखाद्या गावात खाणीचा प्रस्ताव आला, तर त्या ग्रामसभेपुढे तांत्रिक भाषेतील जाडजूड अहवाल येईल. तो वाचून, उताराचा कोन, झऱ्याचे स्थान, सुरुंगाची वेळ यांविषयी प्रश्न विचारून, ठरावात अटी घालणे ही ग्रामसभेची कायदेशीर जबाबदारी असेल. आंबेगाव तालुक्याने ३० जुलै २०१४ ची सकाळ पाहिलेली आहे. माळीण गावावर कडा कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे चिखलाखाली गेली. माळीणच्या दुर्घटनेचा संबंध खाणीशी जोडण्याचे कारण नाही. पण ज्या मुलखात पावसाने सैल झालेला उतार एका सकाळी गाव गिळतो, तेथे उताराविषयीचा कोणताही ठराव न वाचता अंगठा उठवण्याइतका स्वस्त असू नये. ठराव नीट लिहिलेला असेल तर तो न्यायालयातही टिकतो. ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्रामसभांचा कौल घ्यायला लावला आणि त्या कौलापुढे बॉक्साइटची खाण थांबली. आंध्र प्रदेशातील समता प्रकरणात १९९७ मध्येच न्यायालयाने अनुसूचित क्षेत्रातील जमिनी खासगी खाणधंद्याला देण्यावर बोट ठेवले होते. या दोन्ही ठिकाणी कायदा आधीपासून होता. तो मांडणारे कोणीतरी उभे राहिले, म्हणून तो कामाला आला.

महाराष्ट्रातील उदाहरण हवे तर गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाचे आहे. २००९ मध्ये या गावाला सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायला काढला तेव्हा वाहतुकीचा परवाना मिळेना. मालकी ग्रामसभेची आणि शिक्का वनखात्याचा, अशी कोंडी झाली. ती फुटली २७ एप्रिल २०११ रोजी, जेव्हा केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. मंत्रिमहोदयांचे आणि मुख्यमंत्र्यांचे अभिनंदन करावे तेवढे थोडे. परंतु एका गावाचा बांबू रस्त्यावर येण्यासाठी केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री दोघांना यावे लागत असेल, तर बाकीच्या गावांनी कोणाची वाट पाहायची? आहुपे किंवा हातवीजच्या पोत्यासाठी कोणी मुख्यमंत्री येणार नाही आणि येण्याची गरजही असू नये.

गडचिरोलीने पुढे आणखी एक धडा दिला. ग्रामसभांनी तेंदूपानाचे लिलाव स्वतः करायला सुरुवात केली, गावांच्या हाती पूर्वी कधी न पाहिलेला पैसा आला. त्याचबरोबर काही कंत्राटदारांनी ग्रामसभांचे पैसे थकवल्याच्या तक्रारीही आल्या. येथे पुन्हा तोच प्रश्न. करारनाम्यात अनामत रकमेचे कलम होते काय? माल उचलण्यापूर्वी किती पैसे भरायचे, विलंब झाला तर व्याज किती, वाद झाला तर तो कोठे चालवायचा, हे लिहिले होते काय? मुद्रांक योग्य होता काय? शहरातला साधा भाडेकरूसुद्धा करार वाचून घेतो. लाखोंच्या वनोपजाचा सौदा करणाऱ्या ग्रामसभेने मात्र समोरच्याने आणलेल्या कागदावर सही करायची, हे कोणत्या व्यवहारात बसते?

बाळहिरड्याच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे, आणि तो गावकऱ्यांनीच सोडवायचा आहे. कोवळ्या फळाला भाव जास्त, पक्व हिरड्याला कमी. त्यामुळे ओढ कोवळ्या फळाकडे. पण झाडावरचे सारे फळ कोवळेपणीच उतरवले तर बी धरणार कोठून, आणि बी नाही तर नवी रोपे उगवणार कशी? घाईच्या तोडणीत फांद्या मोडतात ते वेगळेच. आज उभी असलेली मोठी झाडे पूर्वजांची आहेत. नातवंडांसाठी काय उभे राहणार, हा प्रश्न शहरी पर्यावरणवाद्याने विचारला की राग येतो, पण प्रश्न खोटा ठरत नाही. वनहक्क कायद्याने ग्रामसभेला हक्काबरोबर संरक्षणाचे कर्तव्यही दिले आहे आणि त्यासाठी व्यवस्थापन आराखडा करणारी समिती नेमण्याचा अधिकार दिला आहे. कोणत्या तिथीपूर्वी तोडणी करायची नाही, गावातील किती झाडे बियाण्यासाठी सोडायची, फांदी मोडणाऱ्याला दंड काय, हे ग्रामसभा ठरवू शकते. पूर्वी देवाच्या नावाने जे राखले जाई, ते आता ठरावाच्या नावाने राखावे लागेल. असा ठराव रीतसर झाला, तर तो व्यापाऱ्यावरही बंधनकारक करता येतो: ठरलेल्या तारखेआधीचा माल या गावातून उचलता येणार नाही, अशी अट करारातच घालून. पर्यावरणरक्षण आणि भाव यांची येथे गाठ पडते. कारण सारे एकाच आठवड्यात तोडणीला धावले नाहीत, तर भावही पडत नाही.

औषध कंपन्यांचा मुद्दा तर याहून नाजूक आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने जैविक संपत्तीच्या व्यापारी वापरातील लाभाचा वाटा ती संपत्ती राखणाऱ्या समाजाला मिळावा, असे तत्त्व घालून दिले. भारतीय कंपन्यांना हे लागू होते की नाही, यावर वाद होता. उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिव्य फार्मसीच्या प्रकरणात ते लागू होते असा निर्णय दिला. आयुर्वेदाविषयी ज्यांना मनापासून आस्था आहे, त्यांनी या निर्णयाने दुखावून जाण्याचे कारण नव्हते. स्वदेशी उद्योगाने स्वदेशी वनवासीला वाटा द्यावा, यात स्वदेशीचा गौरवच आहे. पुढे २०२३ च्या दुरुस्तीने संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान आणि लागवडीच्या औषधी वनस्पती यांना सवलती दिल्या. वैद्यांना आणि औषधी वनस्पतींची शेती करणाऱ्यांना जाचातून सोडवणे हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण सह्याद्रीतला हिरडा बहुतांशी कोणी लागवड केलेला नाही, तो रानातला आहे. ‘लागवडीचा’ आणि ‘रानातला’ या दोन शब्दांमधल्या फटीत गावाच्या हिश्श्याचे पैसे अडकलेले आहेत. कंपनीच्या बाजूने या फटीचा अर्थ लावणारे विधिज्ञ आहेत. जुन्नरच्या ग्रामसभेच्या बाजूने तो कोण लावणार?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. वकील गावात शिरला की भांडणे वाढतात, तारखांवर तारखा पडतात, भाऊबंदकी कोर्टात जाते. गावाने वकिलापासून चार हात दूर राहिलेलेच बरे. महाराष्ट्रातील शेतकऱ्याचा अनुभव पाहता हे म्हणणे उडवून लावता येत नाही. पण येथे मागणी खटला लढवणाऱ्या वकिलाची नाही. खटला होऊ नये म्हणून आधी कागद नीट करून देणाऱ्याची आहे. वैद्य रोग झाल्यावर लागतो, तसा पथ्य सांगायलाही लागतो.

अशा साहाय्याची तरतूद कायद्यात नाही असेही नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची कोणतीही मर्यादा न लावता विनामूल्य विधी सेवा मिळण्याचा अधिकार आहे. आणि ‘विधी सेवा’ म्हणजे केवळ न्यायालयातील वकीलपत्र नव्हे, तर कोणत्याही कायदेशीर विषयावर सल्ला देणे हेही तिच्यात येते, असे त्याच कायद्याची व्याख्या सांगते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१५ मध्ये आदिवासींच्या हक्कांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र योजनाही आखली. म्हणजे मेंढा (लेखा)च्या परवान्याप्रमाणेच येथेही कायदा आहे, अधिकार आहे, फक्त तो पोत्यापर्यंत पोहोचलेला नाही. आजवर या सेवेचा अर्थ फौजदारी खटल्यातील आरोपीला वकील देणे आणि वर्षातून एखादे शिबिर भरवून फलक लावणे, एवढाच घेतला गेला. शिबिरात भाषण होते, चहा होतो, छायाचित्र होते. करारनाम्याचा मसुदा मात्र कोणाच्याही हाती पडत नाही.

या दोन तालुक्यांपुरते बोलायचे तर व्यवस्था उभी करणे अवघड नाही. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय घोडेगावलाच आहे. तेथे हंगामाच्या आधी महिनाभर एक विधी सल्लागार बसवता येईल, जो हिरड्याच्या विक्रीचा मराठीतील नमुना करार, ग्रामसभेच्या वाहतूक परवान्याचा नमुना आणि तोडणीच्या नियमांचा नमुना ठराव तयार करून देईल. ज्या गावांचे सामूहिक दावे मंजूर झाले आहेत, त्यांना समितीचे बँक खाते, पॅन क्रमांक, हिशेबाच्या वह्या यांत साहाय्य देईल. ज्यांचे दावे अडले आहेत, त्यांची अपिले लिहील. पुण्यात विधी महाविद्यालयांची वाण नाही, आय.एल.एस. विधी महाविद्यालयाला तर १९२४ पासूनची परंपरा आहे. विद्यार्थ्यांना विधी साहाय्याचे प्रात्यक्षिक करावेच लागते. ते पुण्याच्या पेठांत करण्याऐवजी चैत्रातले पंधरा दिवस आपटाळे-आहुप्याकडे केले, तर कराराच्या कायद्यातील एखादे कलम त्यांना परीक्षेपुरते नव्हे, जन्मभर लक्षात राहील. आणि गावातील दोन-चार शिकलेली मुले त्यांच्याबरोबर बसली, तर चौथ्या-पाचव्या वर्षी पुण्याहून कोणी येण्याची गरजही उरणार नाही.

वनखात्यानेही एक गोष्ट करण्यासारखी आहे. तपासणी नाक्यावरील प्रत्येक कर्मचाऱ्याच्या हाती २०१२ च्या नियमांची मराठी प्रत आणि ज्या ग्रामसभांना हक्क मिळाले आहेत त्यांच्या शिक्क्यांचे नमुने द्यावेत. नाक्यावरचा वनरक्षक दुष्ट नसतो. त्याला त्याच्या साहेबाने जे कागद दिले, तेवढेच तो ओळखतो.

राहिला वादळाचा प्रश्न. पुन्हा वादळ येणारच नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. तेव्हा मदतीच्या निकषांत हिरड्याचे नाव स्वतंत्रपणे घालावे, झाडाचे वय आणि घेर धरून त्याचे मूल्य ठरवावे, आणि मालकी जमिनीतील हिरड्याची झाडे सातबाऱ्यावर मोजून नोंदवण्याची मोहीम तलाठ्यांकरवी घ्यावी. १९६४ च्या कायद्याखाली झाड तोडण्याचा अर्ज आला की झाडे मोजायला माणूस जातोच. तोच माणूस, तीच झाडे, अर्ज येण्यापूर्वी एकदा मोजून घ्यायची आहेत. पुढचा बाळहिरडा फाल्गुन-चैत्रात उतरेल. मोजणीला त्याआधीचा हिवाळा पुरेसा आहे.